मोताळ्याहून बर्फाची चौकशी

...अन् तुम्हीच सांगा, चव्वेचाळीस डिग्रीत, दुपारी बारा वाजता माणसानं काय करावं? कूलरमधी पाणी टाकावं, कैरीचं पन्हं प्यावं, आडवं व्हावं. गावातलं कुत्रंबी ट्रॅक्टरखाली जाऊन पडते. अन् आमच्या शेजारच्या महामाया मॅडम काय करून राह्यल्या? गच्चीवर उभ्या. डोक्यावर ओला दुपट्टा, कानाले फोन, कारण घरात रेंज नाई, अन् आवाज असा का रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून वर पाह्यते...

"हॅलो, बचुली दीदी? मैं मोताला से, इंगळे मॅडम. आज बरफ कितना है?... अच्छा, अच्छा. और खच्चर गये क्या?"

बर्फ. मोताळ्यात. एप्रिल महिन्यात. अन् वरून खच्चर गये क्या.

तुम्हाले सांगतो, पहिल्या दिवशी मले वाटलं ऊन लागलं. मी भिंतीवरून प्रसेनजितभाऊले हळूच इचारलं, भाऊ, मॅडमची तब्येत बरी हाये न? प्रसेनजितभाऊ म्हणजे मॅडमचे मिस्टर, पोस्टातून रिटायर, बोलणं तोलून-मापून. थे म्हणे, "तब्येत एकदम चांगली हाये. म्हणूनच तं तरास हाये."

आता ही बाई कोण थे ऐका. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल. हिमरेषा, हिमनदी, हिमस्खलन... फळ्यावर खडूनं काढू काढू मोताळ्याच्या तीन पिढ्याईले शिकवलं, अन् स्वतः बर्फ पाह्यला कुठी? लग्नातल्या सरबतात. जानेवारीत रिटायर झाल्या अन् निरोपाच्या भाषणात सांगून टाकलं, का मी जे शिकवलं थे एकदा पायाखाली घेऊन पाह्यणार हावो. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायले काय जाते?

पण मॅडमनं जमवलं. आम्ही रविवारी राजूर घाट पायी चढणारे अकरा जण हावो, सगळे पन्नाशीच्या पुढचे, त्यात मीबी. पुण्याचा एक टूरवाला गाठला, उत्तराखंडातली चार दिवसाची पायवाट ठरली, वर एक खिंड, खिंडीपलीकडे कुरण. सहा मेची तारीख. मलकापूरहून गाडीचे रिझर्वेशन झाले. सगळं झालं... अन् मॅडमले शंका आली.

कायची शंका? बर्फाची. आता टूरवाल्याचं बोलणं तुम्हाले माहीतच असन, साजूक तुपातलं... "अहो मॅडम, आम्ही दरवर्षी नेतो ना. मे महिन्यात रस्ता अगदी स्वच्छ असतो. हा बघा, मेमधलाच फोटो पाठवलाय." मॅडमनं फोटो मोठा करून पाह्यला, चष्मा पुसला, पुन्हा पाह्यला अन् म्हणे, "सर, ह्या फोटोतलं गवत पिवळं हाये, पिकेल हाये. बर्फ वितळल्यावर नवं गवत फुटते, थे हिरवं असते. हा फोटो दिवाळीच्या आधीचा हाये." मंग टूरवाला म्हणे, "रेंज येत नाहीये मॅडम."

माह्यासारखा माणूस असता तं चुप राह्यला असता. मॅडमनं काय केलं? त्या खिंडीखालचं शेवटचं गाव शोधलं. गावाची शाळा शोधली. शाळेच्या हेडमास्तराले फोन लावला, का मीबी मास्तरीण हावो. मास्तर मास्तराले नाई म्हणते का? त्यानं नंबर देल्ला बचुली देवीचा. बचुली देवी म्हणजे खिंडीच्या वाटेवर शेवटचं चहाचं दुकान, अन् घरचे चार खच्चर, आपल्या भाषेत खेचरं, वरच्या मेंढपाळाईले रेशन पोचवणारे. तिच्या दुकानात रेंज येते दुपारी बारा ते एक. म्हणून आमच्या मॅडम बारा वाजता गच्चीवर.

अन् प्रश्न कसे... बर्फ वाटेच्या कोणत्या अंगाले? ज्या अंगाले ऊन पडत नाई तठी किती? सकाळी टणक राह्यते का? दुपारी पाय धसते का? नाल्यावरचा बर्फ खालून पोकळ झाला का? प्रसेनजितभाऊले दुपारची झोप नाई. थे जिन्यात उभे राहून कुरकुर करत, "अवो, बर्फच पाह्यचा हाये तं फ्रिज उघडा, अन् मले झोपू द्या." पण ऐकत राहत. उत्तरं आली का कॅलेंडराच्या मागं थेच लिहीत, सुंदर पोस्टाच्या अक्षरात.

शेवटी बचुली देवी कंटाळली. एक दिवस म्हणे, "दीदी, बरफ मत पूछो, खच्चर पूछो. आदमी तो शरम के मारे चल देता है. खच्चर को शरम नहीं."

तुम्हाले सांगतो, हे वाक्य मॅडमनं असं पकडलं का झालं... तवापासून रोज एकच प्रश्न. खच्चर गये क्या? अन् रोज एकच उत्तर. नहीं गये, दीदी. मार्च सरतासरता तठी जबर बर्फ पडेल होता, खिंडीखालच्या नाल्यात साचेल होता, सावलीच्या अंगाले. खच्चर नाल्यापर्यंत जात, नाक खाली करत, अन् वापस.

एप्रिलची एकोणतीस तारीख आली. मॅडमनं आम्हाले अंगणात बोलावलं अन् सांगतलं, का सहा तारखेले आपण जात नाई. पंधरा दिवस पुढं जाऊ.

मंग काय झालं असन? सगळ्याईचे चेहरे उतरले. बायाईनं स्वेटर घेतले होते, मोताळ्यात स्वेटर मिळत नाई, बुलढाण्याहून आणले होते. अन् पंजाबराव, थे आमचे घाट चढण्यातले पुढारी, जुने ग्रामसेवक, थे उठले. म्हणे, "मॅडम, एक इचारतो. आपण कायले चाललो? बर्फ पाह्यले. तठी काय हाये? बर्फ. मंग बर्फ हाये म्हणून जायचं नाई, हे कोणत्या पुस्तकात हाये?"

सगळे हसले. मीबी हसलो, खोटं कायले बोलू.

मॅडम नाई हसल्या. म्हणे, "पंजाबराव, उन्हाळ्यात तुमच्या वावरात भेगा पडतात. वरून ढेकळं बसेल असतात, भेग दिसत नाई. त्याच्यावर पाय देल्ला तं?"

"मांडीपर्यंत आत जाते. मागल्या साली बैलाचा पाय मोडला माह्या."

"तठी खाली माती असते. बर्फाखाली नाला वाह्यते, बर्फाचंच पाणी. आत गेला तं वरून झाकण बंद."

आता अंगणात कोणी हसत नाई. पण पंजाबराव बी गडी तसाच, म्हणे आम्ही जातो, ज्याले भेव वाटते त्यानं राहावं. अन् आठ हात त्याच्या बाजूनं वर. मॅडमनं सगळ्याईकडे पाह्यलं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीची वाट पाह्यली थे हातातून जाऊन राह्यली होती, अन् मले वाटलं आता ह्या नरमतीन. थ्या म्हणे, "जा तुम्ही. मी नाई येत." बस, इतकंच. आवाज वाढवला नाई.

तेवढ्यात जिन्यातून प्रसेनजितभाऊ कॅलेंडर घेऊन उतरले. महिनाभर कुरकुरणारा माणूस. त्याईनं कॅलेंडर पंजाबरावाच्या मांडीवर उलटं ठेवलं अन् म्हणे, "सव्वीस दिवसाची नोंद हाये. सव्वीस दिवस खच्चर नाई गेला. पंजाबराव, तुम्ही खच्चराहून हुशार असान तं जा."

पंजाबरावानं वाचलं. सावकाश, सगळं. जुना ग्रामसेवक, लिहेल कागदापुढं त्याचं कधी चाललं नाई. चष्मा काढून म्हणे, "काढा मंग पुढली तारीख."

टूरवाला चिडला, मॅडमनं त्याचं ऐकून घेतलं अन् तारीख बदलून घेतली. एकोणीस मेच्या दुपारी फोन आला. खाली मी कपडे वाळत घालून राह्यलो होतो... गच्चीवरून मॅडमचा आवाज, हळू, पहिल्यांदाच हळू, "गये? चारों गये?" अन् मंग जिन्यात कोणाले तरी, "अहो, गेले."

तं आम्ही गेलो. जीपच्या वळणाईनं प्रसेनजितभाऊले गाडी लागली, थे वेगळं. बचुली देवी पाह्यली, मॅडमच्या खांद्याले लागेल इतकी, तिनं मॅडमचा हात धरला तो सोडेच ना. चहा पाजला, सांगतलं, खच्चर वरून गेले, ऊपर से जाना.

दुसऱ्या दिवशी नाला आला. वाट सरळ नाल्यावरच्या बर्फात उतरत होती, तीस-चाळीस पावलं रुंद, पांढराशुभ्र, वर कोणाच्या तरी बुटाचे जुने ठसे. टूरवाल्याचा गाईड म्हणे, "चलिए, सब यहीं से जाते हैं." दुपारचे दोन वाजले होते. पंजाबराव पुढं झाले. मॅडमनं हातानं अडवलं. जवळ गेल्या, खाली बसल्या, कान लावला. मंग हातातली काठी बर्फात दाबली. काठी गेली... गेली... मुठीपर्यंत गेली, अन् खालून पाण्याचा आवाज आम्हाले सगळ्याईले ऐकू आला.

मॅडम उठल्या अन् गाईडले म्हणे, "खच्चर गये क्या? यहाँ से?"

गाईड इकडे-तिकडे पाह्यले लागला. मॅडमनं आम्हाले सांगतलं, "लीद शोधा."

तुम्हाले सांगतो, अकरा माणसं, त्यात एक जुना ग्रामसेवक, एक रिटायर पोस्टमास्तर, हिमालयात वाकून वाकून खच्चराची लीद शोधून राह्यले. अन् सापडली. चांगली शंभर हात वर, जठी नाला अरुंद होता अन् दगड उघडे होते. लिदीमागं लिदी धरून आम्ही चढलो, दगडावरून नाला पार केला, खिंडीत पोचलो तवा ऊन कलत होतं. दीड तास उशीर.

खिंडीत टणक बर्फ होता, सपाट, जमिनीला धरून बसेल. मॅडमनं आधी काठीनं टोचून पाह्यलं, मंग बूट काढले. हो, बूट काढले, मोजे काढले अन् अनवाणी उभ्या राह्यल्या त्याच्यावर. प्रसेनजितभाऊ एका दगडावर बसून पायाचा फोड पाहून राह्यले होते. त्याईनं तठूनच इचारलं, "कसा हाये?"

मॅडमनं वाकून बर्फाले हात लावला. मंग म्हणे, "मी पोराईले बरोबर शिकवलं."

दोन दिवसानं वापस येतो तं खालच्या वाटेवर तो बर्फ नाई. मधात भोसका, एसटी उभी मावन एवढा, अन् खाली काळं पाणी धावून राह्यलं. बुटाचे ठसे भोसक्याच्या काठापर्यंत आले होते अन् तठीच संपले होते, जुने होते म्हणून बरं. पंजाबराव काठावर थांबले. टोपी काढली. मंग मॅडमजवळ गेले अन् म्हणे, "मॅडम, अंगणात हात वर केला होता मी. तो खाली केला समजा." मॅडम म्हणे, "चला, चहा थंड होईन." अन् अभिमान तं अकरा जणाईच्या छातीत असा दाटला, का बचुली देवीच्या दुकानापर्यंत कोणाले दमच लागला नाई.

आता इथी थांबावं का नाई? पण गावात बातमी थांबते का?

आम्ही मोताळ्यात उतरलो, दुसऱ्या दिवशी वार्ताहर घरी आला. मॅडम आंघोळीले गेल्या होत्या. त्यानं प्रसेनजितभाऊचा फोटो काढला, चार गोष्टी इचारल्या, अन् सकाळी पेपरात... "प्रसेनजित इंगळे यांच्या प्रसंगावधानाने अकरा जणांचे प्राण वाचले."

प्रसेनजितभाऊ पेपर घेऊन उन्हात तडक वार्ताहराकडे. म्हणे, "साहेब, मी फक्त लीद शोधली अन् पायाचा फोड पाह्यला. सगळं माह्या बायकोनं केलं. लिहा तसं." वार्ताहर म्हणे, लिहितो न काका. दुसऱ्या दिवशी आलं, "पत्नी महामाया यांची मोलाची साथ."

भाऊ पुन्हा गेले. अर्ज लिहून गेले, सुंदर अक्षरात. तिसऱ्या दिवशी छापलं, "विनम्र प्रसेनजित इंगळे म्हणतात, श्रेय पत्नीचे." अन् फोटो पुन्हा त्याईचाच, ह्या वेळेस आणखी मोठा.

चौथ्या दिवशी भाऊ चपला घालून राह्यले होते. मॅडम दारातून म्हणे, "राहू द्या आता. अजून एकदा गेले तं बर्फबी तुम्हीच पाडला म्हणून छापतीन थे."