सातव्या रात्रीची नोंद

रेणुकादास : म्हणजे बाराही दिवस बाई लातूरच्या आयुर्वेदिक दवाखान्यातच होत्या?

श्रीमंत : तेच सांगायलोय ना. मीच ठिवून आलतो, मीच घेऊन आलो. मधी सोयाबीनची काढणी होती.

रेणुकादास : मध्ये एकदाही गेला नाहीत. मग त्या तिथंच होत्या, हे कशावरून?

श्रीमंत : नांदेडहून देवणीला आमाला लबाड ठरवाय आलाव का? बायकोला उठून बसता येत नव्हतं. वैद्यानं तेल लावलं, बस्ती दिली, तवा चालाय लागली.

रेणुकादास : कित्येकदा माणूस कागदावर भरती असतो आणि प्रत्यक्षात शेतात. म्हणून विमा कंपनी मला पाठवते. सिस्टरच्या वहीत सातव्या रात्री लिहिलंय, पेशंट खाटेवर नाही.

श्रीमंत : सिस्टर चुकली असंल.

रेणुकादास : साखराबाई, तुम्ही सांगा.

श्रीमंत : ती काय सांगणार? तिथंच होती.

साखराबाई : नव्हते. ती एक रात नव्हते.

श्रीमंत : कुठं गेलतीस? लातुरात कोन हाय आपलं?

साखराबाई : पुनम.

श्रीमंत : तिचं नाव या घरात घ्यायचं न्हाई, ठरलंय.

साखराबाई : तिनं मनानं लगीन केलं, तवापासून तीन वर्सं न्हाई घेतलं. त्या राती ती बाळंत व्हनार होती. जवळ बाईमाणूस कुणी नव्हतं. जावयानं फोन केला. रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेले, सकाळी परत आले.

रेणुकादास : हे लिहिलं तर कंपनी विचारेल, रात्रभर बाहेर बसता येत होतं, तर भरती कशाला? क्लेम नाकारतीलही.

साखराबाई : लिहा. न्हाई तर बाकीचे अकरा दिसबी खोटे ठरतील.

श्रीमंत : थांबा साहेब.

(श्रीमंत साखराबाईकडं वळतो.)

श्रीमंत : बसाय काय होतं तिथं?

साखराबाई : लोखंडी बाकडं. भिंतीला टेकले होते.

श्रीमंत : आन ती?

साखराबाई : बरी हाय. पोरगी झाली.

श्रीमंत : ...लिहा साहेब. काय व्हायचं ते होऊ द्या.

रेणुकादास : नातेवाइकाच्या अडचणीमुळे गेल्या, एवढं लिहिलं तरी चालेल.

श्रीमंत : नातेवाईक न्हाई. लेक लिहा.