गोठ्याचं तोंड खिडकीकडे

...आणि वर मलाच म्हणते कशी, "वहिनी, तूही डोळ्यांना फडकं बांध!" अहो, भर उन्हात शेणाची पाटी घेऊन उभी मी, आणि ही माझी नणंद... इमारतींचे नकाशे काढते शहरात, शिकलेली आहे हो, नाही कोण म्हणतं... डोळे बांधून जुन्या गोठ्यात चाचपडत फिरतेय! गेला पाय मुताच्या नालीत, तर म्हणते, "बघ, इथेच दादा पडला असता!" दादा पडेल कसा, बाई? पडायला आधी उठावं लागतं!

तुम्हाला सांगते, गोठ्याच्या भिंती पांढऱ्या करायच्या म्हणून आमच्या ह्यांनी कळीचा चुना पाण्यात टाकला, पिंप उसळलं, आणि दोन्ही डोळे गेले. गेले म्हणजे गेलेच. तेव्हापासून माणूस खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. जेवता का? "ठेव." अंघोळ? "नंतर." गाई हंबरल्या की उशी कानावर! आणि ही नणंद शहरातून नवा गोठा बांधायला आलीय कुणासाठी? ज्याला उठायचंच नाही, त्याच्यासाठी!

मी म्हटलं, पत्रे टाका नि मोकळे व्हा. तर नणंदबाई, "पत्रा नको गं, उन्हाळ्यात गाई भाजून निघतील, आणि पाऊस तडतडला की दादाला कुठली गाय कुठे आहे ते ऐकूच येणार नाही." मग कौलं. उंबरा नाही. फरशी खडबडीत, पायाला गुळगुळीत लागली की समजायचं, पुढे नाली. घराच्या दारापासून थेट गव्हाणीपर्यंत कमरेएवढा लाकडी कठडा. वारा कुठून येतो ते बघायला हातात चिंधी धरून ही बाई दिवसभर रानात उभी! का, तर चाऱ्याचा वास समोरून यावा आणि शेणाचा मागून निघून जावा... आणि गोठ्याचं तोंड? बरोब्बर ह्यांच्या खिडकीसमोर! "अगं, माशा येतील घरात!" तर म्हणते, "येऊ देत. आवाजही येईल." गवंडी हळूच मला विचारतो, "मालक येणारेत ना हो इकडे?" काय सांगू त्याला? ज्याला उठायचंच नाही, त्याच्यासाठी बांध रे बाबा!

शेवटी बांधलं मी फडकं. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून! आणि काय सांगू... चार पावलं टाकली नाहीत तोच ओरबाडून काढलं. मला काढता आलं हो...

गोठा झाला, नणंद गेली, गाई आत गेल्या, गाभण तांबडीसुद्धा. हे? खाटेवर! ज्याला उठायचंच नाही...

आणि एका दुपारी मी भांडी घासतेय, तर खिडकीतून कण्हल्यासारखा आवाज, मागोमाग खाट करकरली. "तांबडी अडलीय," म्हणाले. मला नाही, भिंतीला! आणि निघाले की! दाराला धडकले, स्टुलाला धडकले, मी "अहो, अहो" करत मागे... आणि कठडा हाताला लागला तसा माणूस ताठ झाला. सरळ चालत गेले, काही झालंच नसल्यासारखे. बाह्या वर केल्या, हात घातला, ओढलं.

वासरू मेलेलं निघालं. गाय वाचली. तिच्या मानेला मिठी मारून रडले... डोळे गेल्यापासून पहिल्यांदा. मी दारात उभी.

आता दिवसभर तिथेच असतात. प्रत्येक गाय नुसत्या श्वासावरून ओळखतात! आणि मी, इतक्या वर्षांची लग्नाची बायको, जेवण घेऊन दारात जाऊन उभी राहिले की विचारतात, "कोण आहे?"

मग काय करता! हल्ली मी दारातूनच हंबरते.