पाच दातांची फणी

—खरं आहे, प्रोफेसर, अक्षरन् अक्षर खरं, शोकमातेच्या काळ्या शालीची शपथ, यातला एक शब्द जरी माझ्या पदरचा निघाला तर हा वस्तरा माझ्याच बोटांवर फिरो. हनुवटी वर घ्या जरा. हां. तर गुड फ्रायडेच्या मिरवणुकीतला तो शोकमार्च माझ्या बापानं, रुज्जेरोनं, जर्मनांच्या कैदी छावणीत रचला—त्रेचाळीसचा हिवाळा, दोघांत एक कांबळं, पोटात सलगमाचं पाणी—आणि एका बैठकीत रचला. म्हणजे बैठका बऱ्याच झाल्या, चार महिने लागले, पण लोकांना एका बैठकीतलं आवडतं, म्हणून जिभेला तेच वळण पडलंय. शपथ मोडली म्हणता? म्हणू नका, बोलू नका, साबण तोंडात जाईल.

तुम्ही देशभर फिरून कैद्यांनी रचलेलं संगीत गोळा करता, कुठं ते उशीच्या खोळीत सापडतं, कुठं बुटाच्या तळव्यात, आणि आमच्याकडचं न्हाव्याच्या खणात सापडलं याचं तुम्हाला नवल वाटतं—त्यात नवल कसलं? या गावात बँड म्हणजे न्हावी आणि न्हावी म्हणजे बँड. ज्याला वस्तरा धरायचा त्यानं आधी सूर धरायचा, गिऱ्हाईक नसलं की भिंतीवरचं मँडोलिन खाली यायचं. मी क्लॅरिनेट. माझा आजा ट्रम्पेट. बाप? बाप मोठा ढोल.

हो, ढोल. का, ढोलवाल्यानं मार्च रचू नये असा रोमहून हुकूम आलाय का? नाही ना आला? स्वरलिपी वाचता यायला लागते, एवढंच, आणि ती त्याला यायची—थोडी. म्हणजे ढोलाच्या कागदावर असतं काय? ठोका, ठोका, गप्प. ठोका, ठोका, गप्प. तेवढी यायची. आता हा गाल.

फणीचं सांगतो, फणीचं शंभर टक्के खरं आहे. बाप छावणीत इतरांची डोकी भादरायचा, उवांमुळं, त्यामुळं त्याची फणी जर्मनांनी त्याच्याकडे राहू दिली होती. कागद होते कारखान्याच्या फॉर्मांचे, पुढून छापलेले, मागून कोरे. पण कोऱ्या कागदावर सूर ठेवणार कशावर? पाच रेघा हव्यात, सारख्या अंतराच्या, आणि हाडं गोठलेल्या हाताला एक रेघ सरळ येत नाही. तर बापानं काय केलं—फणीचे दात मोडले. एकेक करून, असे, मागं फक्त पाच ठेवले. जांभळ्या पेन्सिलीचं टोक पाण्यात विरघळवायचं, त्यात फणी बुडवायची, आणि एका ओढीत पाचही रेघा! त्या वेळी न्हाव्यानं फणी मोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. तेव्हा उद्या कुणी म्हणालं की त्या कागदांवर रुज्जेरोचं काहीच नाही, तर त्याला सांगा, रेघा सगळ्या रुज्जेरोच्या आहेत. एकूण एक रेघ.

सूर निकोदेमोचे.

हलू नका हो! कापलं असतं आत्ता. निकोदेमो म्हणजे आमच्या गल्लीतलाच, कारंज्यासमोरचा, खोगिरं शिवायचा आणि बँडमध्ये पहिलं क्लॅरिनेट वाजवायचा. बापाच्या शेजारच्या फळीवर झोपायचा तो. बाप रेघा ओढणार, हा त्यावर सूर मांडणार, आणि बाप गुडघ्यावर ठोका, ठोका, गप्प. मार्च पुरा झाला आणि आठवड्यात निकोदेमो गेला—छातीत पाणी. जाताना बापाचा हात धरून म्हणाला, "रुज्जेरो, नाव कुणाचंही लाव, पण वाजव." ऐकलंत? कुणाचंही लाव. असा दिलदार माणूस. बघा, माझेच डोळे भरून आले, वस्तरा दिसेना.

म्हणून मी लावलं. मी, बापानं नाही, बाप आयुष्यात एकदाही म्हणाला नाही की हे माझं आहे. तो परत आला, कागद खणात ठेवले, आणि दहा वर्षं त्या खणाला हात लावला नाही. मग मला दिले. सतरा वर्षांचा होतो मी. तेव्हाचा आमचा बँडमास्तर मला उभासुद्धा करत नव्हता—"ढोलवाल्याचं कार्टं तिसऱ्या रांगेत, आणि तिसरी रांग भरलीय," असं सगळ्यांसमोर. आणि माझ्या हातात तो मार्च! बँडच्या प्रत्येक वाद्यासाठी वेगळी नक्कल करावी लागते, चाळीस नकला मी स्वतः केल्या, सुंदर अक्षर होतं माझं, आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात रचनाकाराचं नाव घालायची जागा असते. ती मोकळी कशी सोडणार? पहिल्या कागदावर हात थांबला, खोटं नाही सांगत. दुसऱ्यावर कमी थांबला. चाळिसाव्यापर्यंत मलाच खरं वाटायला लागलं होतं. मास्तरनं वाचलं, टोपी काढली. रुज्जेरोच्या पोराला पहिल्या रांगेत घ्या म्हणाला.

त्या गुड फ्रायडेला गाव रडलं, प्रोफेसर. हवालदाराचा घोडासुद्धा रडला—बरं, घोडा नव्हता, पण हवालदार रडला. तुम्हाला आमची रीत माहीत नसेल: गावातल्या माणसानं रचलेला मार्च असला की मिरवणूक त्याच्या दाराशी थांबते. शोकमातेची मूर्ती खांद्यावर तशीच, मेणबत्त्या तशाच, आणि बँड त्याच्या खिडकीखाली पूर्ण मार्च वाजवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आमच्या खिडकीखाली थांबलो. बाप वर उभा होता. पहिला भाग ऐकला, दुसरा सुरू झाला, आणि त्यानं खिडकीची झापं ओढून घेतली. लोक म्हणाले, बिचारा, छावणी आठवली असेल. घरी गेलो तर जेवायला बसला होता. म्हणाला, "सावीनो, क्लॅरिनेट स्वच्छ वाजलं आज." बस. त्यावर एक शब्द नाही, मरेपर्यंत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, नाही? मला वाटतं बरं झालं असतं.

आणि कारंज्यापाशी? तिथनं बँड चालत जातो. थांबायचं कशाला, तिथं कोण राहतं—निकोदेमोची बहीण राहते, सेराफीना मावशी, एकोणऐंशीची आहे, दरवर्षी दारात खुर्ची टाकून बसते. एकोणचाळीस वर्षं मी तिच्यासमोरनं तिच्याच भावाचं वाजवत जातोय, समोरच्याच्या मानेवर नजर ठेवून. एकदा आली होती इथं, दुकानात, बाई माणूस न्हाव्याच्या दुकानात येत नाही पण आली. म्हणाली, "सावीनो, पोरा, रागावू नकोस, तुझ्या बापाला ते मधलं वळण कुठं सापडलं रे? आमचा निको खोगीर शिवताना तस्संच गुणगुणायचा." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मावशी, लढाईच्या आधी सगळेच तसं गुणगुणायचे." ती म्हणाली, "हो का? मला वाटलं, निकोच." आणि माफी मागितली. तिनं, माझी.

आता तुम्ही आलात. तुमच्या पुस्तकात रुज्जेरोचं नाव जाणार, नगराध्यक्षांनी संगमरवर कोरून आणलाय, शुक्रवारी मिरवणूक थांबली की याच भिंतीवर बसवायचा, पडदा मी ओढायचा. नक्कल फाडता येते, प्रोफेसर. दगड नाही फाडता येत. कालपासून तुम्ही विचारताय, मूळ कागद दाखवा, आणि मी म्हणतोय आधी दाढी करून घ्या—तर कागद तुमच्या मांडीवरच आहेत, साबण लावताना ठेवले मी, टॉवेलाखाली. शेवटच्या पानावर खाली सही आहे बघा निकोदेमोची. खोडायला गेलो होतो, जांभळी पेन्सिल खोडली जात नाही.

झालं. पुसा तोंड. नको, थँक यू म्हणू नका. एक राहिलं. ते निकोदेमोचं मरतानाचं बोलणं—नाव कुणाचंही लाव—ते माझ्या पदरचं आहे. तेवढंच. बाकी सगळं खरं. तो म्हणाला होता, "हे सेराफीनाला दे." बापाला धीर झाला नाही, ती विचारेल तू आलास, तो का नाही आला, म्हणून दहा वर्षांनी त्यानं ते कागद माझ्या हातात दिले, तिला नेऊन द्यायला. दोनशे पावलं आहेत इथनं. मी नकला करत बसलो.

उठा, ते कागद घ्या. कारंज्यासमोरचं हिरवं दार, खुर्ची बाहेरच असेल. अहो, माझ्याकडे काय बघताय, तिनं काय विचारलं ते मला येऊन सांगायचं नाही. जा.