लाखोळीची मजुरी

मी राजेगावच्या अलीकडची, बाघ नदीच्या काठची, माह्यं नाव यमुना. नदीच्या तिकडं गोंदिया, इकडं बालाघाट, अन् आमी मधातले, अर्धी मराठी अर्धी हिंदी. आमच्या लोकायनं बुद्धाची दीक्षा घेतली, छप्पन साल, त्याच साली माह्यं लगन झालं. सासऱ्यानं घरातले देव टोपल्यात भरले अन् नदीत सोडून आला, अन् त्या दिवसापासून गावातलं मेलेलं जनावर ओढनं बंद. चांगलं झालं, मान आला. पन मानानं पोट नाई भरत ना बापा. त्या कामाचं गावातून धान मिळे, थे बंद झालं. मंग उरली पटेलाघरची मजुरी, इकडं पाटलाले पटेल म्हनतात, अन् थो मजुरी दे लाखोळीची. धान त्याच्या कोठीत, लाखोळी आमच्या वटीत.

तुले लाखोळीची दाल मालूम नसन बेटा. धान कापाच्या आधी बांधीत, म्हंजे धानाच्या वावरात, तिचं बी फेकून देतात, ना नांगर ना खत, ओलीवर आपोआप येते. हिवाळ्यात तिची कवळी भाजी खुडाले आमी बाया जावो, हासत-खिदळत, अन् काय सांगू तुले, लसून-मिरची घातलेल्या त्या भाजीची चव आजही माह्या जिभेवर हाये. भाजी खाऊन खाऊन चार दिवस खासान. पन दाल तिचीच, भाकर तिचीच, घाटा तिचाच, सकाळ-संध्याकाळ, मयने-मयने, तं काय होईन? पन हे तवा कोनाले मालूम होतं.

सुजाता माही पयली पोरगी, थे नुकती चालाले लागली होती. तिचा बाप, म्हंजे आमचे घरचे, मोठा हासरा मानूस, रोवण्यात, म्हंजे धानाच्या लावणीत, बायायचं गानं पयले थेच उचलत, गडीमानूस असून. आदल्या दिवशी नांगर धरला अन् सकाळी उठाले गेले तं पाय अकडलेले. मंग काठी आली. टाच भुईले टेके नाई, गुडघे वाकलेले, एक पाय दुसऱ्यात अडके. गाव म्हने, देव बुडवले ना, आता देवानं पाय नेले. माही सासू गुपचूप नदीवर जाऊन हात जोडून आली. अन् आमचे थे, शरमेनं घराबाहेर निघेनात.

एक नर्सबाई सायकलवर गावोगाव फिरे, हिंदीवाली. तिनं त्यायचे पाय पाह्यले, मंग चुलीवरचं गंज उघडून पाह्यलं अन् म्हने, यमुना, देव का कोप नहीं है, इस दाल का है, पैर तो गये, अब बच्ची को मत खिलाना. मी म्हनलं, दीदी, मत खिलाना तं खिलाना क्या, पटेल धान देत नाई. तिनं गंजावर झाकन ठेवलं. मंग म्हने, वो दवा मेरे थैले में नहीं है.

तवापासून सुजाता ताटावर बसली का मी पयले तिच्या टाचा पाहो. धुनं धुताना मी एकेकीले सांगो. आमच्या मोहल्ल्यातल्या तं होत्याच, कुनब्याच्या गरीब बाया होत्या, गोंडाच्या होत्या. माह्या हातचं पानी थ्या पेत नव्हत्या, पन मजुरी सगळ्यायची तीच. पयले हासल्या. मंग एक म्हने माह्या भावाचं असंच झालं, दुसरी म्हने माह्या जवायाचं, अन् हासनं बंद झालं. ठरलं, रोवण्याच्या टायमाले धान नाई तं बांधीत पाय नाई. उन्हाळ्यात अडून फायदा नाई, रोवणा थांबत नाई, परे, म्हंजे धानाची रोपं, पिवळे पडतात.

सगळ्या मिळून वाड्यावर गेलो तं पटेल म्हने, तुमच्या देवानं तुमचे पाय नेले अन् नाव माह्या दालीचं काहून? मी म्हनलं, पटेल, हे कुनबीन हाये, हे गोंडीन हाये, यायनं तं देव नाई बुडवले, यायच्या घरचे पाय काहून अकडले? अन् तुमच्या ताटात तुरीची दाल असते, तुमच्या वाड्यात काहून नाई कोनी अकडलं? पटेल वाड्यात निघून गेला. पन तिसऱ्या रोजी परसवाड्याकडून गोंड बायायची टोळी घेऊन आला, लाखोळीवरच. आमचं अवसान गेलं. त्यायले हाकलावं कसं, त्याबी पोटासाठीच आल्या होत्या.

मी घरी आली अन् रडत बसली. आमचे थे म्हने, मले बांधीच्या काठावर, धुऱ्यावर ने. मी म्हनलं, लोकं पाहतीन. हौ, म्हने, पाहू दे.

पाठीवर बसवून नेलं मी त्यायले. त्या बाया चिखलात उतरल्या होत्या, हातात परे. आमचे थे खाली उतरले, काठी धरली अन् धुऱ्यावरून चालाले लागले, पंजावर, पाय अडकवत, पडत, उठत. ज्या मानसानं दाराबाहेर तोंड दाखवलं नव्हतं, थो त्या धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. टोळीतली एक म्हातारी म्हने, क्या हुआ इसको? मी म्हनलं, आज तुमाले जे मिळनार हाये, थेच खाल्लं. म्हातारीनं हातातली पऱ्याची जुडी पान्यात ठेवली अन् बाहेर आली. मंग बाकीच्या आल्या.

त्या साली अर्धं धान, अर्धी लाखोळी, असं सुटलं. पुरं धान व्हाले आनखी लय भांडलो आमी, सत्तरचं साल उलटलं. आमच्या त्यायचे पाय काई आले नाई. पन दरसाल रोवण्याले मी त्यायले धुऱ्यावर नेऊन बसवो अन् थे गानं उचलत, अन् आमी चिखलातून पुढचं म्हनो, कुनबीनही, गोंडीनही, मीही. तसे दिवस पुन्हा नाई पाह्यले बापा. आता थे नाई, रोवणाही मशीनचा.

सुजाता लांजीले दिली, नातू-पणतूवाली झाली, तरतर चालते. आमच्या मोहल्ल्यात अजूनही लेकरू चालाले लागलं का म्हातारी बाई सारवलेल्या ओल्या भुईवर त्याले चालवते, अन् टाचेचा ठसा उमटला का नाई, थो वाकून पाहते. दुसरीकडं म्हनतात शंभर वर्सं जग. आमच्यात तसं म्हनत नाई. जाय बेटा, बस चुकन तुही. टाच टेकत राहो तुही.