शेठसमोर सांगायचा ताण

नाही, पण मी म्हणते, ताण माझा, सुरतेतल्या लिंबायतच्या सरलाबाईचा, अन् तो उतरवणार कोण, तर मुंबईतली मॅडम, तीही फोनवरून! तुम्हाला सांगते, आमच्या वृद्धाश्रमात सगळ्या आठवण गेलेल्या म्हाताऱ्या. एक जेवून उठते अन् उपाशी ठेवलं म्हणून रडते, दुसरी मला सवत समजून चिमटे काढते... चौऱ्याण्णवच्या प्लेगात अख्खं सुरत पळालं, मला तेव्हाही सुट्टी नाही! म्हणून ट्रस्टने ही मॅडम लावली. दर गुरुवारी फोन. मन मोकळं करा म्हणे. अहो, करते ना! पण फोन कुठे? आश्रम चालवणाऱ्या शेठच्या टेबलावर! अन् शेठ समोर, खमण खात!

मॅडम विचारणार, सरलाताई, कसं वाटतंय? इकडे शेठ मिशीत हसत, "बोल ने सरलाबेन, गभराय छे शुं?" घाबरतेस काय, म्हणे! काय बोलणार? मजेत आहे, मजामां! मग माझ्या जोडीला काम करणारी सुमन आली, मजामां. इंदुबाई आली, तिचा हात म्हातारीने चावलेला, पट्टी बांधलेली... मजामां! मुंबईहून निरोप, तुमचा स्टाफ फार आनंदी आहे. शेठ म्हणाला, मग सुट्ट्या कशाला?

अन् मला सुट्टी हवी होती हो. तिकडे पारोळ्याला माझी आई... तिचंही तेच सुरू झालेलं. भाऊ सांगून पाठवत होता, अजून तुझं नाव घेते, लवकर ये. इथे दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालायचं, अन् स्वतःची? जीव तुटत होता माझा. पण फोनवर काय? मजामां!

एका गुरुवारी शेठ पाहुण्याला सोडायला दारापर्यंत गेला. म्हटलं आज बोलतेच, तर आमच्या मंगलाबाई, ऐंशीच्या, रोज पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या राहणाऱ्या, त्यांनी माझ्या हातातला फोन ओढला अन् म्हणाल्या, "मला घरी जाऊ द्या. आई वाट बघतेय माझी." एवढंच. अन् रडल्या. मॅडमला वाटलं, मीच! लगेच शेठला हुकूम, सरलाताईंना चार दिवस घरी पाठवा. मी कशाला सांगू कोण बोललं ते? माझ्या तोंडातून जे निघालं नाही ते त्या बोलल्या, देव त्यांचं भलं करो.

गेले पारोळ्याला. आई ओट्यावर बसलेली. तिचे केस विंचरून दिले, दुधात भाकरी कुस्करून भरवली. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुना हात भलता मऊ शे व बाई," म्हणाली, अन् मग विचारलं, तुला इथे कामाला कोणी ठेवलं?

म्हटलं, कोणी नाही हो आजी, मी सुट्टीवर आहे.