दारात धरलेला नान

समरकंदच्या कॅन्सर इस्पितळात माझ्या पुढच्या बाकावर दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. ऑपरेशन निगोराचं होतं आणि तिची पिशवी मुनव्वरच्या मांडीवर होती.

“सासूबाईंना काय सांगितलंयस?”

“पित्ताचे खडे. म्हातारीला खरं कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलंय.”

“आणि त्यांना पटलं?”

“पटलं म्हणजे काय, तेव्हापासून माझ्या पुलावातली चरबी वेचून स्वतः खातायत.”

“मग निघताना रडारड नाही झाली?”

“छे. दारात नान धरला तोंडापुढे. म्हणाल्या, एक घास चाव. उरलेला खिळ्याला टांगून ठेवते, परत येऊन तूच संपवायचा.”

“अगं, तो तर लष्करात जाणाऱ्या पोरांना चावायला देतात, जिवंत परत यावीत म्हणून.”

“हो ना.”

“खड्यांसाठी कोण नान टांगतं?”

“तेच मघापासून माझ्या डोक्यात फिरतंय.”

“घास तरी मोठा घेतलास ना?”

“छोटाच. भूक नव्हती.”

“मग भोग आता. तू घरी जाईपर्यंत त्याचा दगड झालेला असेल.”

“त्याही तेच म्हणाल्या. खड्यांचं डॉक्टर बघतील, तू तुझे दात तेवढे सांभाळून परत आण.”