चार स्टॉप आधी

— बसा हो साहेब, बिनधास्त बसा. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, पण आजवर पाडलं नाही कुणाला. तर काय सांगत होतो — माणूस खोटं बोलेल, बूट नाही बोलायचा. चाळीस वर्षं बूट शिवतोय, उगाच नाही सांगत. गाडीवाल्याचा बूट आणा — उजव्या टाचेची मागची कड तेवढी घासलेली, बाकी तळ कोरा करकरीत. मोटारसायकलवाला? डाव्या बुटावर गिअरचा डाग. बसवाल्याचा चवडा झिजतो — उभ्याने प्रवास ना, ब्रेक लागला की सगळा भार चवड्यावर. आणि चालणारा — वा! टाच, चवडा, काही शिल्लक ठेवत नाही तो. अशी देवमाणसं आहेत म्हणून आमची चूल पेटते. उद्या सगळ्यांनीच गाड्या घेतल्या तर मी काय टायर शिवत बसू?

मी? छे हो, गाडी कुठली माझ्याकडे. कधी हवीशीही वाटली नाही — म्हणजे, खोटं कशाला बोलू, मुलीसाठी वाटायची. एकच मुलगी मला. आई नाही तिला, सहा वर्षं झाली. नोकरी पार नदीपलीकडे, बसने पाऊण तास. तिच्या चपला मीच बघतो — बापाचं दुकान असताना ती बाहेर कशाला देईल? तर इतकी वर्षं अगदी बसवाल्या चपला. आणि गेल्या तीन महिन्यांपासून — टाच! एका महिन्यात दोनदा टाच बदलली मी. म्हटलं, "काय गं, पायाला भिंगरी लावलीस की काय?" तर म्हणते, "बाबा, येताना चार स्टॉप आधी उतरते, चालत येते. तब्येतीला बरं." तब्येतीला! कोपऱ्यावरून दूध आणायचं म्हटलं तर जिच्या कपाळावर आठ्या पडतात, ती! पण म्हटलं, असेल बुवा.

त्यात गेल्या आठवड्यात तिच्या आत्याने स्थळ आणलं. स्वतःचं घर, बरी नोकरी आणि गाडी. मी हरखूनच गेलो. म्हटलं, पोरी, आता धक्के खायला नकोत, वीस मिनिटांत घरी. तर काय म्हणावं तिने? "बाबा, मला इतक्या लवकर घरी यायचंच नाहीये." — लागलं हो मला ते. फार लागलं. मी इकडे दुकान बंद करून जातो, दोन कप चहा करतो, तिचा झाकून ठेवतो, आणि हिला घरी यायचं नाही? म्हटलं, माझा कंटाळा आला असेल. बाप म्हातारा झाला की येतो मुलांना. चार दिवस झाले, दोघांत बोलणं काय — तर मीठ दे आणि दार लाव.

असो! तुम्हाला काय त्याचं. आणा तो बूट. तळ आपोआप सुटला म्हणता? हं… साहेब, असा नसतो सुटत तळ. झिजून सुटला की दोऱ्याची टोकं पिंजतात. ही बघा, एकसारखी सरळ — ब्लेड चालवलंय. धडधाकट बुटावर कोण ब्लेड चालवतं हो? आणि — थांबा, उजेडात धरू द्या. हा पिवळा रंग. परवा नदीवरच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या रंगवल्या. ओला रंग, वर हा मोठा फलक लावलेला. बोलण्यात रंगलेल्या माणसालाच दिसायचा नाही तो. मला कसं ठाऊक? काल एका चपलेच्या तळातून हाच रंग खरवडला मी, याच रापीने. आणि तो पूल — मोजून बघा — आमच्या घराच्या बरोब्बर चार स्टॉप आधी.

पाणी हवंय? माठ मागेच आहे. एवढा घाम कशाला पुसताय, मी बूट शिवतो, माणसं नाही.

तिची आई आणि मी — आम्हीही उतरायचो आधी. लोकांना सांगायचो, बसला गर्दी फार. गर्दी कसली, पोचायचंच नसायचं आम्हाला! आणि तेच पोरीने केलं तर मी मूर्ख चार दिवस तोंड फुगवून बसलो. घराला कंटाळली नव्हती हो ती. काय बरं वाटतंय म्हणून सांगू तुम्हाला… सांगू तुला.

तिनेच धाडलं ना? मग नुसतं येऊन नमस्कार करायचास की, चांगला बूट कशाला कापलास! आता हा आज मिळणार नाही. उद्या संध्याकाळी ये. इथे नाही — घरी. चहा तीन कप करीन. पत्ता काय विचारतोस, रोज कोपऱ्यापर्यंत येतोसच की! ऊठ, माझ्या चपला घाल आणि पळ, तिची सुटायची वेळ झाली. आणि हे बघ — आज पाच स्टॉप आधी उतरलात, तरी चालेल.